तिसऱ्या, कालवं, शिनाणे सोलापुरात घेताना: शैवालाच्या विषापासून कसं सांभाळायचं

शिंपल्यांचा माल घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. माल ताजा आहे का, हा एक. त्यात समुद्रातल्या शैवालाचं विष साठलंय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नाक, डोळे आणि बोटाची टिचकी देतात. दुसऱ्याचं उत्तर फक्त प्रयोगशाळा देऊ शकते. या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही, आणि ते पोटात साठवून बसलेली शिंपली स्वतः ठणठणीत असते. टिचकी मारली की कवच पटकन मिटते, म्हणजे ताजेपणाच्या परीक्षेत ती पैकीच्या पैकी गुण घेते.

किनाऱ्यावरच्या माणसाला निदान खाडीत काय चाललंय हे कानावर तरी येतं. सोलापुरात माल रत्नागिरी-कोल्हापूर-मिरज-सांगोला असा प्रवास करून किंवा मुंबईच्या बाजारातून फिरून येतो, आणि येताना त्याचा पत्ता हरवतो. म्हणून इथल्या गिऱ्हाइकाचं खरं काम चुलीपाशी नाही, बाजारात आहे.

विष येतं कुठून

कालवं, तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे सगळे पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं आणि त्यातलं सूक्ष्म शैवाल पोटात ठेवतं. हे शैवाल बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. काही जाती मात्र विष तयार करतात. अलेक्झांड्रियम आणि जिम्नोडिनियमच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन बनवतात, त्याने नसा बधिर होऊन श्वास थांबू शकतो. डायनोफायसिसपासून ओकाडाइक आम्ल येतं, त्याने जुलाब-उलट्या होतात. स्यूडो-निट्झिया डोमोइक आम्ल बनवते, ते मेंदूवर जातं आणि स्मरणशक्तीला धक्का देतं. कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर १९८७ मध्ये शिंपल्यांच्या शेतीतले शिनाणे खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. डोमोइक आम्लाची ओळख अन्नविष म्हणून जगाला तिथून झाली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, केरळात, कुंबळे इथे १९८३ मध्ये खाडीतल्या शिंपल्यांनी, आणि विळिंजमला १९९७ मध्ये शिनाण्यांनी माणसं दगावल्याची नोंद आहे. तेव्हा हे थंड देशांचंच दुखणं आहे असं समजू नये.

अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने घातलेल्या मर्यादा पाहिल्या की प्रकरण किती बारीक आहे ते कळतं. खाण्याच्या एक किलो मांसात सॅक्सिटॉक्सिन ०.८ मिलिग्रॅमपर्यंत, ओकाडाइक आम्ल ०.१६ मिलिग्रॅमपर्यंत, डोमोइक आम्ल २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. डायनोफायसिसच्या तर लिटरभर पाण्यात काही शे पेशी असल्या तरी शिंपल्यात विष जमू शकतं, आणि एवढ्याने पाण्याचा रंग बदलतही नाही. म्हणून ‘समुद्र लाल दिसत नव्हता’ हा पुरावा धरू नका. उलटही खरं आहे. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात ते बहुतेक नॉक्टिल्युका या चमकणाऱ्या सूक्ष्मजीवाचं काम. तिच्यामुळे माणसाला हे लकव्याचं विष होत नाही, पाण्यातला प्राणवायू मात्र घटतो.

शेतीतला माल जास्त सुरक्षित असं म्हणतात, ते का मानायचं? दोरीवर किंवा जाळीत वाढवलेले शिनाणे त्याच समुद्राचं पाणी गाळतात, शेतकरी शैवाल अडवू शकत नाही. फरक एवढाच की जागा ठरलेली असते, काढणीची तारीख लिहिलेली असते, आणि नमुना तपासून काढणी थांबवता येते. म्हणजे सुरक्षितता शेतीत नाही, तपासणीत आहे. तपासणी नसेल तर शेतीतला आणि खडकावरचा माल सारखाच.

बाजारात विचारायचं काय

‘मामा, तिसऱ्या कुठल्या?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कोकणातल्या.’ हे उत्तर पुरेसं नाही. पुढचे दोन प्रश्न विचारा: कुठल्या खाडीतल्या, आणि काढल्या कधी? विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याला दोष देऊ नका, त्याच्याकडे माल तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेला असतो. पण ज्याच्याकडे जागा आणि दिवस दोन्हीचं उत्तर नाही, त्याच्याकडून बांगडा घ्या, शिंपल्या नकोत. एकाच विक्रेत्याकडे वारंवार गेलात आणि दर वेळी हेच विचारलंत, तर महिन्या-दोन महिन्यांत तोही वर विचारायला लागतो. हा उपाय साधा आहे, पण दुसरा कुठलाही घरगुती उपाय याच्याइतका कामाचा नाही.

पाकिटबंद गोठवलेला माल घेत असाल तर पाकीट उलटं करून वाचा. चौदा अंकी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, उत्पादक, आणि आयात केलेला असेल तर देश. अर्ध्या कवचातले मोठे शिनाणे काही ठिकाणी न्यूझीलंडहून येतात. त्या देशात काढणीच्या पाण्याची नियमित तपासणी होते, म्हणून पत्ता नसलेल्या सुट्या तिसऱ्यांपेक्षा असं पाकीट मी आधी निवडेन. गोठवल्याने विष मरत नाही हे मात्र ध्यानात असू द्या. पाकिटाचं मोल त्यावरच्या माहितीसाठी आहे, थंडीसाठी नाही.

खानावळ किंवा हॉटेल चालवणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करावं. दोन दिवसांचा माल एका टबात मिसळू नये. मिसळला की कुठल्या खेपेने त्रास झाला हे कधीच सापडत नाही. प्रत्येक खेपेची चिठ्ठी, तारीख आणि विक्रेत्याचं नाव वहीत चिकटवून ठेवा. अमेरिकेत शिंपल्यांच्या पोत्याचं लेबल ९० दिवस जपायचा नियम आहे. आपल्याकडे कोणी विचारत नसलं तरी तोच आकडा धरायला हरकत नाही.

जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा खाडीतून हाताने वेचलेला माल बाजारात येत राहतो. त्याच दिवसांत पावसाचं पाणी गावातली घाण खाडीत आणतं. त्यामुळे त्या दोन महिन्यांत शैवालापेक्षा जिवाणू-विषाणूंची भीती मोठी असते, आणि शिंपल्या टाळायला हे कारणही पुरेसं आहे.

घरी आणणं आणि साफ करणं

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या तिसऱ्या अर्ध्या तासात गुदमरतात. थर्माकोलचा छोटा डबा न्या. तळाला बर्फ, त्यावर दुमडलेलं ओलं कापड, वर शिंपल्या, झाकण किंचित सैल. बर्फ वितळलेलं गोडं पाणी शिंपल्यांना लागू देऊ नका, खाऱ्या पाण्यातला जीव त्याने मरतो. घरी फ्रीजमध्ये पातेल्यात ओल्या कापडाखाली ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा.

वाळू काढायला लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड ते दोन टेबलस्पून. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून उकळून गार केलेलं पाणी घ्या. पसरट भांड्यात एकाच थरात शिंपल्या ठेवा, अंधारात, गार जागी, दीड-दोन तास. मिटून राहिल्या तर पाणी एक तर फार गोडं आहे किंवा फार गरम. शेवटी शिंपल्या हाताने उचलून काढा. भांडं चाळणीत ओतलंत तर तळाची सगळी वाळू परत त्यांच्याच अंगावर पडते. या भिजवण्याने वाळू जाते, विष जात नाही. स्वच्छ पाण्यात ठेवून पोटातले जिवाणू कमी करायला व्यावसायिक टाक्यांमध्येही दीड-दोन दिवस लागतात, आणि शैवालाचं विष निघायला काही आठवडे लागू शकतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बटर क्लॅम या शिंपलीत सॅक्सिटॉक्सिन दोन वर्षांपर्यंत टिकतं.

फुटलेल्या, आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या शिंपल्या टाकून द्या. शिजवल्यावर न उघडणाऱ्याही टाका. कवचं उघडल्यापासून पुढे तीन ते पाच मिनिटं चांगली उकळी राहू द्या. नुसती उघडली की गॅस बंद, असं करू नका. उघडण्याच्या क्षणी आतलं मांस बऱ्याचदा अर्धकच्चं असतं. एवढ्याने जिवाणूंचा धोका बराचसा मिटतो.

विषाचं तसं नाही. उकळणं, तळणं, प्रेशर कुकर, गोठवणं, खारवणं, यांपैकी कशानेही ते भरवशाने जात नाही. आमसूल, चिंच, लिंबू घातलं की विष मरतं असं सांगणारे भेटतात. प्रयोगशाळेत सॅक्सिटॉक्सिन तपासताना १०० ग्रॅम वाटलेलं मांस तेवढ्याच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून पाच मिनिटं उकळतात, ते विष मांसातून बाहेर काढण्यासाठी. आम्लात ते टिकून राहतं म्हणूनच ही पद्धत चालते. तेव्हा आमसुलाने काय होणार. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, माशी बसत नाही, मांजर तोंड लावत नाही, या परीक्षाही तशाच बिनकामाच्या.

तिसऱ्यांच्या पाण्याचा प्रश्न जरा अवघड आहे. सॅक्सिटॉक्सिन पाण्यात विरघळतं, म्हणजे उकळल्यावर त्यातला काही भाग रश्शात उतरतो. पाणी फेकलं तर मांसातलं प्रमाण घटतं, पण किती घटतं याचा नेम नाही. आणि खरी चव तर त्या पाण्यातच असते. माझं मत सरळ आहे: ज्या मालाचं पाणी फेकावंसं वाटतं तो माल घरात आणूच नये. ओकाडाइक आम्ल पाण्यात नीट उतरतही नाही. उलट शिजवल्यावर मांस आक्रसतं, त्यामुळे ग्रॅमामागे त्याचं प्रमाण थोडं वाढलेलंच दिसतं.

विष सर्वात जास्त जमतं ते पचनग्रंथीत. मोठ्या शिनाण्यात पोटाजवळचा काळपट-हिरवा गोळा म्हणजे तीच. सुरीच्या टोकाने ती काढता येते. तिसरीत मात्र ती इतकी लहान की नाद सोडावा. खेकड्याच्या कवचाखालचा पिवळसर-तपकिरी मऊ भाग आणि म्हाकुलाची आतडी-पिशवी यांनाही तोच नियम, काढून टाका. कोळंबीच्या मांसात हे विष सहसा साठत नाही, डोकी काढून शिजवली की पुरे. लहान मुलांना शिंपल्या कमी वाढा, कारण वजन कमी म्हणजे तेवढ्याच विषाचा घाव मोठा. एक किलो तिसऱ्यांतून मांस जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम निघतं, ते चार जणांत वाटलं जातं; धोका वाढतो तो एकाच माणसाने पातेलं संपवलं की.

आता प्रमाण राखून सांगायचं तर, सोलापुरात मासळी खाऊन त्रास झाला तर पहिला संशय शैवालावर घ्यायचं कारण नाही. बांगडा, सुरमई, टूना बर्फाशिवाय राहिले की त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. शिजवून हेही जात नाही. लांबचा रस्ता आणि उन्हाळा पाहता आपल्याकडे हीच तक्रार जास्त संभवते.

उजनीचं पाणी आणि शेततळं

समुद्र दूर असला तरी शैवालाचं विष सोलापूरकरांना परकं नाही. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर निळं-हिरवं शैवाल पोसतं. पातळी खाली गेली, पाणी तापलं आणि वारा पडला की काठाला हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर जमतो. त्यात बहुतेकदा मायक्रोसिस्टिस असतं, आणि त्याच्या काही वाणांपासून यकृतावर घाव घालणारं मायक्रोसिस्टिन होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. उकळून तेही जात नाही. पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं. असा थर दिसत असेल तिथे जनावरांना पाजू नका, कुत्री आणि शेळ्या आधी बळी पडतात.

अशा दिवसांत चिलापी, रोहू, कटला घ्यायला हरकत नाही, फक्त आतडी, यकृत आणि पोटातला काळा पडदा पूर्ण काढा आणि मासा वाहत्या पाण्यात धुवा. मांसात विष तुलनेने कमी उतरतं. छोटे मासे न सोलता, न चिरता अख्खे तळायची पद्धत मात्र त्या काळात बंद ठेवा. भीमेच्या पात्रातल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्या तर अजिबात नकोत, त्या समुद्रातल्यांसारख्याच पाणी गाळतात. चिलापीला मातकट वास येतो तो जिओस्मिनचा, म्हणजे काही शैवालं आणि जिवाणू बनवतात त्या पदार्थाचा. तो स्वतः विषारी नाही, आणि वास नाही म्हणजे मासा निर्धोक असंही नाही.

डाळिंबाच्या शेततळ्यात मासे सोडलेल्यांनी एक साधी चाचणी करावी. हातमोजे घालून पारदर्शक बाटली पाऊण भरा, झाकण सैल ठेवा कारण आत वायू साठतो, आणि रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळं-हिरवं शैवाल असण्याची शक्यता मोठी. तळाशी बसला तर बहुधा साधं शैवाल. विष आहे की नाही हे यातून कळत नाही, सावध व्हायचं की नाही एवढंच कळतं. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आत दिसेनाशी झाली तर खाद्य थांबवा, तळाचं थोडं पाणी काढून नवं भरा, आणि पहाटे हवा देणारं यंत्र चालू ठेवा. प्राणवायू सर्वात कमी तेव्हाच असतो.

घाई करून मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. दाट थर एकदम मेला की पेशींतलं विष पाण्यात मोकळं होतं आणि कुजणाऱ्या शैवालाने प्राणवायू संपतो. दुसऱ्या दिवशी मासे वर तरंगलेले दिसतात आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो.

जिभेला मुंग्या आल्या तर

शिंपल्या खाल्ल्यावर दहा मिनिटं ते दोन तासांत ओठ, जीभ, हिरड्यांना मुंग्या येणं, मग बोटांची टोकं बधिर होणं, अंग हलकं-तरंगतं वाटणं, बोलताना जीभ जड होणं: हा सॅक्सिटॉक्सिनचा क्रम. इथे वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा, किंवा स्वतःच्या गाडीने व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जा, गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. या विषावर उतारा औषध नाही. श्वास यंत्राने चालू ठेवला तर शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि पहिला दिवस निभावला की माणूस बहुधा बरा होतो. तूप-दूध पाजणं, मिठाच्या पाण्याने उलटी काढणं टाळा. गिळण्याचे स्नायू सैल झालेले असतात, घास-घोट श्वासनलिकेत जातो. रुग्णाला कुशीवर झोपवा. हातपाय हलत नसले तरी त्याला सगळं ऐकू येत असतं, तेव्हा त्याच्यासमोर काय बोलतो याचं भान ठेवा.

जुलाब-उलट्या अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू झाल्या आणि मुंग्या नसतील तर ते ओकाडाइक आम्ल किंवा साधी जिवाणूबाधा असू शकते. दोन्हींत ओआरएस घ्या; बहुतेक दोन-तीन दिवसांत थांबतं. उलट्यांनंतर दिवस-दोन दिवसांत माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, कालचं आठवेना, तर डॉक्टरांना शिंपल्यांचं आवर्जून सांगा. एरवी ते अर्धांगवायू किंवा मेंदूज्वराच्या वाटेने तपास करत राहतील.

डॉक्टरांना सांगायचं ते असं: ‘मासे’ खाल्ले असं नको, तिसऱ्या की कालवं की शिनाणे हे नेमकं सांगा. किती वाजता खाल्ले, पहिली मुंगी किती वाजता आली, किती जणांनी खाल्ले, कोणाकोणाला त्रास आहे. उरलेलं कालवण आणि कच्च्या शिंपल्या वेगवेगळ्या डब्यांत घालून, वर तारीख, वेळ आणि विक्रेत्याचं नाव लिहून फ्रीजरमध्ये ठेवा. रिकामी कवचं, पाकीट, बिलही फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा आणि विक्रेत्यालाही त्याच दिवशी सांगा. त्या पोत्यातला उरलेला माल संध्याकाळी आणखी कोणाच्या तरी पिशवीत जाणार असतो.